खाली काय, वर काय

पत्र : एप्रिलपासून आर्ट जर्नल, म्हणजे चित्रं, कात्रणं आणि मनातलं लिहिणं एकत्र असलेली वही, करायला लागले आहे. मुलीची अर्धी कोरी चित्रकलेची वही घेतली, तिचेच पोस्टर कलर, स्केचपेन आणि ऑइल पेस्टल. नंतर अ‍ॅक्रिलिकच्या बाटल्या, जेसो (रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर) आणि काळी बारीक पेनं मागवली. मासिकांची कात्रणं, एसटीची तिकिटं, पानंफुलंही चिकटवते. पण पानं पापडासारखी वर येतात. स्केचपेनवर पांढरा रंग दिला की तो गुलाबी होतो. ऑइल पेस्टलवर दिलेल्या अ‍ॅक्रिलिकचे पापुद्रे निघाले. दोन पेनं मेली. जुलैत वही उघडली तर समोरासमोरची पानं चिकटलेली होती. एक जोडी ओढून काढली तर अर्ध्या पानाचा रंग समोरच्या पानावर गेला, दुसरी जोडी तशीच ठेवली आहे. एकदोन पानांवर बुरशीही दिसते. ‘मुक्त जर्नल म्हणजे मनात येईल ते करा’ असं सगळे सांगतात, पण माझ्या मनात येतं त्याचा शेवटी चिखल होतो. अजून काय सामान घ्यावं? आणि जी पानं बिघडली ती फाडून टाकू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तक्रारी सात-आठ दिसतात, पण मुळं तीनच आहेत. कागद पातळ आहे, थरांचा क्रम उलटा पडला आहे आणि वाळायला दिलेला वेळ कोकणातल्या पावसाळ्याला पुरणारा नाही. यात कल्पनाशक्तीचा काही दोष नाही आणि सामानाचाही फारसा नाही. उलट सामान थोडं जास्तच झालं आहे.

आधी क्रमाचं बघू, कारण निम्म्या तक्रारी तिथल्या आहेत. हातात येणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारायचा : हिला कागदावर धरून कोण ठेवतं? जलरंगाला आणि पोस्टर कलरला डिंकासारखा, पाण्यात विरघळणारा पदार्थ धरतो. वाळल्यावरही पाणी लागलं की तो पुन्हा सुटतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्यात सुटत नाही. ऑइल पेस्टल म्हणजे मेण आणि कधीच न वाळणारं तेल. कोळसा, खडू, पेन्सिल यांना धरणारं जवळजवळ काहीच नसतं, ती पूड कागदाच्या खरखरीत अडकून बसते. आणि स्केचपेनमध्ये तर पूडच नसते. तो पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग असतो, आळत्यासारखा.

आता तुमच्या तक्रारी यावर ठेवून बघा. स्केचपेनवर पांढरं अ‍ॅक्रिलिक दिलंत, त्यातल्या पाण्याने खालचा रंग विरघळला आणि पांढऱ्यातून वर आला. अजून एक हात दिलात तर अजून वर येईल, कारण पाणीही अजून दिलंत. आळता, फ्लुरोसंट हायलायटर, साध्या शाईचं पेन, सगळ्यांचं हेच. स्पिरिटच्या वासाचा परमनंट मार्कर पाण्याने सुटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तोही अ‍ॅक्रिलिकच्या थरातून काही आठवड्यांनी झिरपून कडेने धूसर होतो. ऑइल पेस्टलचं उघडच आहे, तेलावर पाण्यातलं काही धरणार कसं? वाळल्यासारखं दिसलं तरी तो पापुद्रा तेलावर नुसता पडून असतो, वही वाकली की सुटतो.

यातून क्रम आपोआप ठरतो. कागदाच्या सर्वांत जवळ पेन्सिल आणि जलरंग. मग अ‍ॅक्रिलिक, जेसो, चिकटवाचिकटवी. त्यावर वॉटरप्रूफ शाई. ऑइल पेस्टल आणि मेणाचे खडू सगळ्यांत शेवटी, त्यानंतर पाण्याचं काहीही नाही. एक सूट आहे : मेण मुद्दाम खाली घालून त्यावर पातळ जलरंग फिरवायचा, म्हणजे रेघेवरून रंग पळतो आणि ती रेघ कोरी उरते. पांढऱ्या मेणबत्तीने हे झकास होतं. फक्त त्या पानावर पुढे अ‍ॅक्रिलिक न्यायचं नाही.

पोस्टर कलर मध्यंतरी वापरायचेच असतील तर त्यावर मॅट मीडियमचा (रंग न घातलेल्या, न चमकणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचा) एक हात देऊन तो थर बंद करावा लागतो. इथे बहुतेकांचं चुकतं. ब्रशने पुढेमागे घासलं की खालचा पोस्टर कलर सुटून सगळं गढूळ होतं. रुंद, मऊ ब्रश मीडियममध्ये भरून एका दिशेने एकदाच न्यायचा, पुन्हा त्या जागी जायचं नाही, आणि रात्रभर ठेवून द्यायचं. स्केचपेनसाठी मात्र हा उपाय अर्धवटच ठरतो, कारण मीडियममध्येही पाणी आहेच. स्केचपेन सरळ वरच्या थरात वापरा किंवा त्याचं सुटणंच कामाला लावा : रेघ मारा, ओल्या ब्रशने ओढा, जलरंग तयार.

यादी पाठ करण्यापेक्षा एक नमुना-पान करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात, पण तीन दिवसांत वर्षभराचे प्रश्न मिटतात. ए-४ आकाराचा जाड कागद आडवा घ्या. पेन्सिल, बॉलपेन, स्केचपेन, पोस्टर कलर, अ‍ॅक्रिलिक, जेसो, ऑइल पेस्टल यांचे दीड सेंटीमीटर रुंदीचे सात आडवे पट्टे ओढा, मध्ये एकेक सेंटीमीटर जागा सोडा. चोवीस तास वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्याच सात वस्तूंचे उभे पट्टे त्यांना छेदून ओढा. एकोणपन्नास चौकोन होतील. तिसऱ्या दिवशी प्रत्येक चौकोनाची तीनदा परीक्षा घ्या : ओल्या कापसाने पुसा, नखाने खरवडा, सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. जे पुसलं, निघालं किंवा टेपबरोबर गेलं तिथे फुली. हे पान वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून लावून ठेवा. नवीन वस्तू आणली की तिचा एक आडवा आणि एक उभा पट्टा वाढवायचा.

आता कागद. चित्रकलेच्या वह्यांचा कागद साधारण १०० ते १४० जीएसएमचा असतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात, लांबीत फारसे नाही पण रुंदीत बरेच. जिथे ओलं तिथे कागद पसरतो, शेजारी कोरडा कागद त्याला धरून असतो, आणि मध्ये लाट उठते. जाड कागदात ही ओढाताण कमी दिसते. मिश्र माध्यमाला २०० जीएसएमच्या खाली जाऊ नये, पाणी सढळ हाताने वापरत असाल तर ३०० घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जायचं नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आहेच : ३०० जीएसएमचे ए-४ आकाराचे दहा कागद १८७ ग्रॅमच्या आसपास भरतात, २०० चे १२५. हातकागद सुंदर दिसतो, पण घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब क्षणात शोषला गेला तर त्या कागदाला खळ नाही, त्यावर शाई फुटणार. जुन्या काळी पोथ्यांचा कागद खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून मगच लिहायला घेत, ते याचसाठी.

तयार जाड वह्या महाग पडतात आणि कणा इतका घट्ट असतो की दोन-चार कात्रणं चिकटवली की वही मिटत नाही. जाड जलरंगाच्या कागदाचा २२ बाय ३० इंचाचा एक मोठा ताव घ्या, त्यात ३२ पृष्ठांची वही होते. आधी तंतूंची दिशा ओळखा. ताव न दुमडता नुसता अर्धगोल वाकवून वर तळहात टेकवा, मग दुसऱ्या बाजूने तसंच करा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतू आहेत, आणि वहीची घडी तंतूंना समांतर हवी. आडवी पडली तर घडीवर कागद फुटतो आणि पानं कायम फुरफुरत राहतात. तंतू ३० इंचांच्या बाजूला समांतर असतील तर तावाचे साडेसात बाय अकरा इंचांचे आठ तुकडे करा आणि अकराची बाजू मधोमध दुमडा, उभी वही होईल. तंतू २२ च्या बाजूला समांतर असतील तर साडेपाच बाय पंधराचे आठ तुकडे करून पंधराची बाजू दुमडा, आडवी वही होईल. कागद वाया जात नाही दोन्हींत.

दुमडलेले चार-चार तुकडे एकात एक घालून दोन जुज, म्हणजे शिवायचे गठ्ठे, करा. उभ्या वहीची घडी १९ सेंटीमीटरची असते. वरून दीड सेंटीमीटरवर पहिलं भोक, मग चार-चार सेंटीमीटरवर पुढची चार. पाचवं भोक खालून बरोबर दीडवर येतं. आडव्या वहीची घडी १४ सेंटीमीटरची, तिथे एक सेंटीमीटरवर सुरुवात करून तीन-तीनचं अंतर ठेवा. दाभणाने भोकं पाडताना घडी टेलिफोन डिरेक्टरीसारख्या जाड पुस्तकात उघडी ठेवली की भोक सरळ घडीतच पडतं. साधारण ६० सेंटीमीटर जाड दोरा मेणावरून ओढून घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, दुसऱ्यातून आत, पहिल्यातून बाहेर, पुन्हा दुसऱ्यातून आत, मग मधलं सोडून थेट चौथ्यातून बाहेर, पाचव्यातून आत, चौथ्यातून बाहेर आणि मधल्यातून आत. आत जो लांब टाका पडला आहे त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची दोन टोकं ठेवून गाठ मारायची. मुखपृष्ठाला जुन्या फाइलचा पुठ्ठा चालेल, मात्र कणा दोन सेंटीमीटर रुंद ठेवा आणि दोन्ही जुज त्यात एक सेंटीमीटर अंतरावर शिवा. कागद स्वतः जेमतेम पाऊण सेंटीमीटर जागा घेतो, उरलेली तुमच्या कात्रणांची.

जुन्याच वहीत काम चालू ठेवायचं असेल तर कात्रणांना जागा व्हावी म्हणून दर दोन पानांनंतर एक पान कापून काढा, पण मुळापासून नाही. शिवलेल्या वहीत त्या पानाचा जोडीदार पलीकडे असतो, तो सुटून येईल. दीड-दोन सेंटीमीटरची पट्टी सोडून कापा, ही पट्टी पुढे आणखी कागद चिकटवायला कामी येते. पातळ पानं दोन-दोन चिकटवून जाड करता येतात, त्याला गम पातळ नको आणि रात्रभर वजन हवं.

जेसो हा पांढरा रंग नव्हे, तरी सर्रास तसाच वापरला जातो. त्यात अ‍ॅक्रिलिक, पांढरा रंग आणि खडूसारखी पूड असते, आणि या पुडीमुळे वाळल्यावर पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो. ती खरखर पेन्सिलीला, पेस्टलला, पुढच्या रंगाला धरते. चार भाग जेसोला एक भाग पाणी, त्याहून पातळ करू नका. पहिला हात आडवा, वाळला की दुसरा उभा, दोन्ही पातळ. एकाच बाजूला दिला तर पान त्या बाजूला वळतं, मागच्या बाजूला एक हात दिला की सरळ येतं. उन्हाळ्यात दोन हातांमध्ये अर्धा तास पुरतो, जुलैत पंख्याखालीसुद्धा दोन तास धरा आणि पेन दुसऱ्या दिवशी टेकवा. जेसोवर जलरंग बसतो, पण कागदात न मुरता वरच राहतो, ओल्या बोटाने पुसला जातो. तो दोष समजू नका, चूक पुसायची ती सोय आहे. चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर मात्र जलरंगाचे थेंब अळवावरच्या पाण्यासारखे पळतात.

घरी जेसो करायचा असेल तर पांढरं अ‍ॅक्रिलिक एक भाग, रंगाच्या दुकानात मिळणारी व्हायटिंग पावडर (खडूची बारीक पूड) एक भाग आणि पांढरा गम अर्धा भाग, पाणी थेंबथेंब. पावडर आधी पाण्यात कालवून गाळून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. फळ्याचा खडू कुटून घालू नका, त्याचा कण जाडा राहतो. प्लास्टर ऑफ पॅरिस तर वाटीतच घट्ट होतं. पावडर जास्त झाली की पान वाकवल्यावर थराला तडे जातात, गम जास्त झाला तर खरखर जाते.

पेनांचं दुःख समजण्यासारखं आहे, ती स्वस्त नसतात. बारीक फेल्ट टोकाची पेनं दोन कारणांनी मरतात. वरून कोरड्या पण आतून ओल्या अ‍ॅक्रिलिकवर चालवली तर टोकात प्लास्टिक भरतं, आणि ऑइल पेस्टलवर चालवली तर मेण भरतं. जेसोची खरखर ०.१ चं टोक तर घासूनच टाकते. नवीन घेताना ०.५ किंवा ०.८ घ्या आणि रेघ ओढून दहा मिनिटांनी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो, थेंब स्वच्छ राहिला तरच ते वॉटरप्रूफ. रंगवलेल्या पानावर लिहायला सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे जुना टाक आणि अ‍ॅक्रिलिक शाई किंवा वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. निब दर दोन मिनिटांनी पाण्यात बुडवून पुसली की झालं. पांढरं जेल पेन अडलं तर ओलसर टिश्यूवर गोल गोल फिरवा, बहुतेक वेळा सुटतं. आणि ऑइल पेस्टलवर काही लिहायचंच असेल तर लिहू नका, कोरा. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर पेस्टलचा जाड थर द्या आणि रिकाम्या बॉलपेनने ओरखडा. खालचा रंग रेघेत दिसतो, तो पेनाने काढलेल्या रेघेहून देखणा.

चिकटवण्यात पाणी हाच शत्रू. फुगे आणि सुरकुत्या येतात त्या कागद गमातलं पाणी पिऊन पसरतो म्हणून. टिश्यू, पतंगाचा कागद, जुन्या पोथीचं किंवा मासिकाचं पातळ पान यांना दोन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी. साधं कात्रण असेल तर न पातळ केलेला गम, पण इतका कमी की ब्रशच्या रेघा दिसाव्यात. गम पानाला लावा, कात्रणाला नाही. मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने दाबत जा, वर बेकिंगचा बटर पेपर आणि जाड पुस्तकं, निदान तीन तास. हेअर ड्रायर जवळ धरला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खालची वाफ फोड होऊन वर येते, म्हणून एक फूट लांबून, हलवत. खळ वापरली तरी उत्तम चिकटते, फक्त तुमच्या हवेत तिला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात ते त्यासाठी, पण मोरचूद विषारी आहे आणि घरात मुलगी आहे, तेव्हा तो नाद नको.

एसटीचं मशीनमधून आलेलं तिकीट थर्मल कागदावर असतं. त्यावरची अक्षरं गमाने, उन्हाने किंवा नुसत्या काळाने पुसट होतात. त्याची झेरॉक्स चिकटवा. झेरॉक्सच का, घरच्या प्रिंटरची प्रत का नको, तर इंकजेटची शाई बहुधा पाण्यात फुटते आणि झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने कागदावर वितळून बसलेली असते. त्याच गुणामुळे झेरॉक्स पानावर उतरवताही येते : अ‍ॅक्रिलिक मीडियमचा भरपूर थर द्या, झेरॉक्स पालथी घालून दाबा, चोवीस तास वाळवा, मग मागून कागद ओला करून बोटाने हळूहळू घासून काढा. शाई पानावर राहते. चित्र उलटं येतं, म्हणून अक्षरं असतील तर दुकानात आरशातली प्रत मागा, नाहीतर ‘चिपळूण’ उजवीकडून वाचावं लागेल. वर्तमानपत्राचं कात्रण काही महिन्यांत पिवळं पडणार. त्या कागदात लाकडातला लिग्निन नावाचा, पिवळा पडणारा पदार्थ तसाच राहिलेला असतो. पिवळेपणा आवडत असेल तर प्रश्नच नाही.

पानंफुलं पावसाळ्यात वहीत थेट घालू नका, तुमची बुरशी बहुधा तिथूनच आली आहे. वर्तमानपत्रात घालून वजनाखाली दोन-तीन आठवडे, पहिल्या आठवड्यात कागद रोज बदलायचा. पिंपळाचं जाळीदार पान मात्र हुकमी : पाणी अधूनमधून बदलत तीन-चार आठवडे भिजवा, गर मऊ ब्रशने काढा, टिपकागदात वाळवा. ते चिकटवता येतं आणि वरून रंग थोपटून छापही घेता येतो. पोत आणायला आणखी विकतचं काही लागत नाही. रांगोळीचे छाप, जुनी चाळण, भेंडीचा आणि कमळकाकडीचा ठसा. भेंडी कापल्यावर कापलेली बाजू पाच मिनिटं टिपकागदावर पालथी ठेवा, नाहीतर तिच्या चिकट पाण्याने ठसा फुटतो. रांगोळीच्या छापातून उठावाचा थर घ्यायचा असेल तर घरच्या जेसोच्याच मिश्रणात पावडर वाढवून श्रीखंडाइतकं घट्ट करा, पण एक मिलिमीटरहून जाड नको आणि घडीपासून दोन सेंटीमीटर दूर. भिंतीची पुट्टी वापरू नका, पान वाकलं की ती तडकते. हळद मोहक दिसते खरी, उन्हात काही दिवसांत उडते आणि साबण किंवा चुना लागला की लाल होते. टिकाऊ हवं तर गेरू घ्या. एक भाग डिंक दोन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, त्यातला एक चमचा आणि वस्त्रगाळ गेरू दोन चमचे, घोटून. हा जलरंगच झाला, तेव्हा त्याची जागा खालच्या थरात. जलरंगावर मीठ टाकून नक्षी करायची तर रंगाची चमक जरा उतरली की खडेमीठ टाका, आणि वाळल्यावर एकूण एक कण झटकून काढा. राहिलेलं मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं आणि तिथे पान पुन्हा दमट होतं.

आता चिकटलेली पानं. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा वाळला तरी पूर्ण कडक कधीच होत नाही, उबदार हवेत तो मऊ असतो. दोन मऊ पापुद्रे वजनाखाली समोरासमोर दाबले गेले की एक होऊ बघतात. पांढऱ्या गमाचं तर आणखी वाईट, कारण तो दमट हवेत ओल धरतो. दुसरी जोडी ओढली नाहीत हे चांगलं केलंत. वही झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने पापुद्रा कडक होतो. बाहेर काढल्याबरोबर, थंड आहे तोवर, लोणी लावायची बोथट सुरी कोपऱ्यातून सरकवत पानं वेगळी करा. हात चपळ हवा, कारण मिनिटभरात गार कागदावर हवेतलं पाणी धरायला लागतं. लगेच पंख्याखाली उघडी ठेवा. गमाने चिकटलेला भाग इतक्या सहज सुटेलच असं नाही, तिथे थोडा कागद निघाला तर निघू द्या.

पुढच्या वेळी : हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं, हे मनातून काढून टाका. पातळ थराला तीन-चार दिवस, जाड थराला दोन आठवडे, वही पंख्यासारखी उघडून उभी ठेवायची. शेवटचा थर चकचकीत नको, मॅट मीडियमचा द्या. त्यातल्या बारीक पुडीमुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो आणि कमी चिकटतो. पान खरोखर पूर्ण झालं असेल तर पांढरी मेणबत्ती त्यावर हलकी फिरवून सुती फडक्याने घासा. त्यानंतर त्यावर रंग धरणार नाही, म्हणून ‘पूर्ण झालं’ हे आधी ठरवा. दोन पानांमध्ये बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद घाला. ट्रेसिंगसाठी मिळणारा साधा बटर पेपर दमट हवेत स्वतःच चिकटतो. वही कपाटात उभी ठेवा, गठ्ठ्याखाली नाही. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. वेखंड घातलं तर कीड लांब राहील, बुरशी नाही. आलेली बुरशी ओली असताना पुसू नका, पसरते. आधी खडखडीत वाळवा, मग नाकातोंडावर घट्ट मास्क लावून गच्चीवर मऊ ब्रशने झटका, आणि ती वही महिनाभर बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

राहिला चिखल. ‘मनात येईल ते करा’ हा सल्ला आमच्या मते अपुरा आहे, रंगाला तुमच्या मनाशी देणंघेणं नसतं. ओल्या लालवर हिरवा, निळ्यावर नारिंगी, पिवळ्यावर जांभळा गेला की तपकिरी होणार, मनात काहीही असो. मुक्तपणे काम करायचं असेल तर आधी सामान आवळा. एका बैठकीला तीनच रंग, एक गडद, एक उजळ आणि पांढरा. एकाऐवजी तीन पानं समोर ठेवा. पहिल्यावर वीस मिनिटं, मग ते वाळत असताना दुसरं, मग तिसरं. हात थांबत नाही म्हणून माणूस ओल्यावर ओलं देत बसतो, तीन पानं असली की ती वेळ येत नाही. सुरुवात कोऱ्या पानाच्या भीतीने अडत असेल तर लिहा. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात, त्या दिवशी जे डोक्यात असेल ते, मग वही फिरवून त्याच पानावर आडवं पुन्हा. वरून जेसोचा पातळ हात दिला की खाजगी ते खाजगी राहतं आणि खाली पोत उरतो. देवनागरीत शिरोरेघ देऊन लिहिलंत तर आपोआप आडवे पट्टे तयार होतात, शिरोरेघ न देता लिहिलंत तर उभी, पावसासारखी रेघ दिसते. हा फरक वापरण्याजोगा आहे.

पानावर गर्दी वाटते पण नेमकं काय खटकतं ते कळत नाही, अशा वेळी मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं तर नवीन रंग घालू नका, एक खरंच गडद आणि एक खरंच पांढरी जागा हवी आहे. एक तृतीयांश पान जेसोने झाकून टाकलं तर बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

खरेदीचं विचारलंत. ३०० जीएसएमचा एक ताव, मॅट मीडियमची छोटी बाटली, टाक आणि वॉटरप्रूफ शाई. बस. ‘आर्ट जर्नल किट’ म्हणून मिळणारे संच घेऊ नका, त्यात स्टिकर आणि सजावटीच्या टेपच जास्त असतात. अ‍ॅक्रिलिकचे ब्रश पाण्यात उभे ठेवू नका, आधी वर्तमानपत्रावर पुसा आणि मग धुवा, म्हणजे बेसिनच्या नळीतही प्लास्टिक कमी जाईल.

बिघडलेली पानं फाडू नका, कापून घ्या. ज्या जोडीचा रंग समोर गेला तिथे एका पानावर रंग निघालेला खडबडीत कागद आहे आणि दुसऱ्यावर उलटा उमटलेला पापुद्रा. पहिल्यावर जेसोचा एक हात द्या, तो नव्यासारखा रंग धरेल. दुसऱ्याचे हवे ते भाग कातरीने कापून मॅट मीडियमने नव्या वहीत लावा. ऑइल पेस्टलवरून निघालेले अ‍ॅक्रिलिकचे पापुद्रेही टाकू नका. मागचं तेल साबणाच्या पाण्याने पुसून वाळवले की तेही चिकटतात.